चिठ्ठीने दिलेला गट

"तो रकाना उघडायचा नाही," शाहेदुल म्हणाला. सकाळपासून तो हेच सांगत होता.

तहमिना त्याच्या टेबलासमोरून हलली नाही. खाली महाखाली भागातल्या रस्त्यावर बसगाड्या अडकल्या होत्या. हॉर्नचा त्रास होतो म्हणून शाहेदुल खिडकी लावायचा, उकडतं म्हणून परत उघडायचा. खुर्चीत काही टिकत नव्हता.

चार वाजता समिती बसणार होती. रक्त पातळ ठेवणारी नवी गोळी साठीपुढच्या मधुमेही लोकांना देत राहायची की आजच थांबवायची, ते तिथे ठरायचं होतं. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कुठली, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं आणि आज सकाळीच उघड झालं होतं. खऱ्या गोळीच्या गटात मेंदूत रक्तस्राव होऊन थोडी जास्त माणसं दगावली होती. योगायोग म्हणून सोडून देता येईल, इतकी थोडी.

पण त्या गटातल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी गोळी मध्येच सोडली होती.

तहमिनाचं म्हणणं असं, की जो गोळी घेतच नाही त्याला गोळी काय अपाय करणार? अशांना घेणाऱ्यांत मिसळलं तर अपाय झाकला जातो. तेव्हा कुणी कधीपर्यंत घेतली तो रकाना उघडावा आणि खरोखर घेणाऱ्यांचं काय झालं ते पाहावं.

शाहेदुलचं म्हणणं, चिठ्ठीने ज्याला जिथे टाकलं तिथेच तो मोजायचा. मग गोळी घेवो नाहीतर गटारात टाको.

"सर, गोळी सोडणाऱ्यांचा हिशेब कसा मांडायचा हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला," तहमिना म्हणाली. "आणि आता तुम्हीच अडवताय."

तो उठून पुन्हा खिडकीशी गेला.

त्याची बायको दिलारा याच चाचणीत होती, आणि सकाळी उघड झालं तसं, खऱ्या गोळीच्या गटात. तिच्या दवाखान्यातून तिचं नाव लागलं होतं, यात त्याचा हात नव्हता. फाल्गुनात तिच्या हातांवर काळेनिळे डाग उठायला लागले. तिने दारात आलेल्या नर्सला सांगून टाकलं, बाई, आता तुमची गोळी नको. आषाढात ती स्वयंपाकघरात पडली ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव. तेव्हापासून ऑफिसात 'भाभी' हा शब्द कुणी काढत नव्हतं.

तहमिनाला वाटलं, आपल्याला कारण कळलं. गोळी बनवणाऱ्या कंपनीचा माणूस महिनाभर मागे लागला होता, सोडणाऱ्यांची नावंच काढून टाका म्हणून. सरांना भाभींचं नाव खोडायचं नाही.

ती खुर्ची ओढून बसली.

"मी कुणाला काढत नाही, सर. भाभी राहतील. ज्या दिवशी सोडली, त्या दिवसापर्यंत राहतील. पुढे त्यांच्यासारखेच डाग उठूनही जे घेत राहिले, त्यांना मोजणीत जास्त धरू, म्हणजे ते त्यांच्या वाटचं वजन उचलतील."

सामोसे आले का, असं शाहेदुलने मध्येच विचारलं. आले होते, पण त्याने हात लावला नाही.

"उघड," तो म्हणाला.

दुपारपर्यंत उत्तर आलं. गोळी खरोखर घेत राहिलेल्यांत रक्तस्राव उघड उघड जास्त होता.

समितीच्या खोलीत पंखा होता तरी शाहेदुलला घाम सुटला होता. तहमिनाने आकडे मांडले. कंपनीच्या तौफिक साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले.

"शाहेदभाई, पोरगी हुशार तयार केलीत," ते म्हणाले. "आमच्या घरी जेवायला बोलवायची सोय नाही, कोण किती खातं तेही काढेल." मग त्यांनी आवाज खाली आणला. एक बाई गोळी सोडल्यावर चार महिन्यांनी त्याच आजाराने गेली. नाव घेत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. गोळी न घेणाऱ्याच्या मेंदूतही रक्तस्राव होतो, तर गोळीवर आळ कशाला? बाकीच्यांनी खरंच सोडली की नाही, देव जाणे. पण या एका बाईबद्दल तरी शंका नको, तिच्या घरात तर या विषयातला सगळ्यात जाणकार माणूस होता.

समितीतले दोघे माना डोलवायला लागले. गोळी चालू राहणार, असं खोलीत दिसायला लागलं.

अध्यक्ष नाझनीन आपांनी चष्मा काढला. "शाहेदुल, विचारायला जीभ रेटत नाही रे. पण दिलाराने गोळी सोडली होती, हे नक्की?"

"आपा, नर्सची नोंद आहे," तहमिना घाईने म्हणाली. "सरांना कशाला विचारायचं?"

शाहेदुल उभा राहिला.

"सोडली होती," तो म्हणाला. तौफिक साहेब खुर्चीत मागे टेकले. "बाटल्या घरातच पडून होत्या. आणि गोळी सोडणारे आधी मरतात, हे मी जन्मभर आकड्यांत पाहत आलो होतो. मी भ्यालो, आपा. शेवटच्या दिवसापर्यंत रोज एक कुटून तिच्या डाळीत घालत होतो."