आधी चौकशी

"व्यसन हा रोग नोहोय! माणसाच्या चारित्र्याले पडलेली ती भेग हाय!" धोंडबांनी हॉलच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं.

वाक्य चांगलं होतं. अडचण एवढीच, की ज्याच्यासाठी ते होतं तो त्यांचा मुलगा नरेश त्या वेळी मोरीत ओकत होता. तो तोंड पुसत बाहेर आल्यावर धोंडबांना सगळं पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्या खेपेला 'चारित्र्य' हा शब्दच आठवेना.

"कशाले पडली म्हटलं, भेग?" त्यांचे साळे दौलतराव यांनी मदतीच्या सुरात विचारलं.

"जाऊ द्या," धोंडबा म्हणाले.

कालपासून नरेशनं दारूला हात लावला नव्हता, आणि आता ते हातच ऐकत नव्हते. गिरजाबाईंनी लेकाला दिलेला चहा अर्धा बशीत गेला, उरलेला पायजम्यावर. पहाटे तो स्वतःहून बायकोला म्हणाला होता, "मले दवाखान्यात घेऊन चल." लग्न झाल्यापासून मोनालीनं हे वाक्य प्रथमच ऐकलं. तिनं लगेच फोन लावला. दुर्गच्या दवाखान्यात, दारू सोडवायच्या वॉर्डात, एक खाट होती. आता पिशवी भरून, डोक्यात हेल्मेट घालून ती दारात उभी होती. दवाखान्याच्या वाटेवरच दारूचं दुकान होतं आणि ते अजून उघडलं नव्हतं. तिची सगळी भिस्त त्यावर होती.

पण धोंडबा स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमधून फोरमन म्हणून रिटायर झालेले. तिथं काहीही बंद पडलं की चौकशी बसायची. दोष मशीनचा की माणसाचा? पोरगा बंद पडल्यावर त्यांनी घरातच चौकशी बसवली, आणि एकट्याची समिती होत नाही म्हणून सकाळीच स्कूटर काढून सेक्टर पाचमधून दौलतरावांना उचलून आणलं.

दौलतराव रेल्वेत तिकीट तपासायचे. जन्मभर लोकांना दोषी धरून झाल्यामुळे आता त्यांना जगात कोणीच दोषी वाटत नसे.

"रोगच हाय हा, भाऊजी. मेंदूचा. मी मोबाइलवर पूर्ण व्हिडिओ पाह्यला."

"मेंदूचा? मंग गिलास तोंडाले कावून लावते?"

"तुमाले शुगर हाय ना? तुमी चोरून जिलबी खाता, तवा कोणी चारित्र्य काढते काय तुमचं?"

हरवलेला शब्द सापडल्यानं धोंडबांना हुरूप आला. "चारित्र्य! तेच म्हणून राहिलो मी! मच्छर येऊन चावते तवा मलेरिया होते. दारू काय उडत येऊन चावते? हा चालत जाते तिथं. लाइनीत लागते. विहारात पंचशील घेते, अन् चप्पल घालेपर्यंत विसरते!"

"लाइनीत तर बिमार लोकच लागते, भाऊजी. कोणत्याही दवाखान्यात पाहा."

मुद्दा बिनतोड नव्हता. तो खोडून काढायला धोंडबांनी बोट उगारलं. तेवढ्यात दौलतरावांनी सुचवलं की विषय गहन आहे, तेव्हा अजून एकेक चहा व्हावा आणि जेवणानंतर पुढची बैठक घ्यावी.

"दूध संपलं," गिरजाबाई म्हणाल्या. दुधाचं पातेलं त्यांच्या हातातच होतं. भरलेलं.

मोनालीनं हेल्मेटची काच वर केली.

"बाबूजी, एक बात सांगा. मिल बंद पडे, तवा पहले चौकशी होये का पहले दुरुस्ती?"

"पहले दुरुस्ती!" धोंडबा ताडकन म्हणाले. "मिल बंद ठेवून चौकशी करन तो फोरमन कायचा? चौकशी मंग चालत राहे सहा सहा महिने."

आपलंच उत्तर आपल्या कानावर पोचल्यावर धोंडबा हळूच खुर्चीवर बसले.

"पण रोग म्हटला," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तर मामला डॉक्टरच्या हाती गेला. बरा होईन, नाई होईन. दोष म्हटला तर याच्या हाती राहते. म्हणून मी दोष म्हणून राहिलो. दुसरं काई नाई."

दौलतराव चष्मा पुसू लागले. पुसून झाल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही.

"नरेश, मंग तूच सांग बेटा. रोग का दोष? तू म्हणशीन ते आमी दोघंई मानून घेऊ."

नरेश भिंत धरून उभा राहिला होता. कपाळावर घाम होता.

"मले नाई समजत, मामाजी. आता मले जायचं हाय. अर्ध्या घंट्यानं मले जायचं नसन."

एवढं बोलून तो निघाला. आधी भिंत, मग दाराची चौकट, मग मोनालीचा खांदा धरत अंगणात पोचला. गिरजाबाईंनी पिशवी मोनालीच्या स्कूटीवर पुढे, पाय ठेवायच्या जागी ठेवली. तो मागं बसला आणि दोन्ही हात एकमेकांत अडकवून मांडीवर दाबून धरले. मोनालीनं स्कूटी चालू केली.

समिती व्हरांड्यात येऊन उभी राहिली. अशा वेळी बापानं काहीतरी बोलायला हवं, हे धोंडबांना कळत होतं. त्यांनी घसा साफ केला, एक हात वर उचलला.

"नरेश, ऐक..."

"बाबूजी," नरेश म्हणाला, "तुमची स्कूटर गेटात आडवी हाय. थोडी सरकवून द्या न. आमची निघत नाई."