थोरलीचं झबलं

चर्चची घंटा वाजली, तरी सासूबाई बाप्तिस्म्याचं झबलं घेऊन दार अडवून उभ्या. झबल्यावर त्यांनी निळ्या दोऱ्यानं माझ्या लेकीचं नाव भरलं होतं: आंगुस्तिआस. “आमच्यात थोरली मुलगी आंगुस्तिआसच! आपल्या लाबातेका गावच्या मरियामातेचं नाव आहे.” मी म्हटलं, “क्रुसाखाली तळमळणाऱ्या मातेचं. अर्थच यातना! म्हणून आता कुणी ठेवत नाही.” “आमच्या वेळी गल्लीत चार होत्या.” “तुमच्या घरातल्याच आंगुस्तिआस बघा. तुमची आजी बाळंतपणात गेली. आईला वडिलांनी मारून बहिरं केलं.” “आणि मी तिसरी? मला काय धाड भरली?” “त्या दोघींनी सोसलेलं सगळं तुम्ही माझ्यावर काढलंत.” सासूबाई उंबऱ्यावर बसल्या. त्यांनी दातांनी दोरा तोडला, एकेक अक्षर उसवलं. कापडावर सुईची भोकं तेवढी राहिली. झबलं माझ्या अंगावर फेकत म्हणाल्या, “पण तुझ्या आईचं नाव ठेवलंस, तर याद राख!”