फोटोची कड

"या कॅमेऱ्यात लेन्समधून नाही, वरच्या छोट्या खिडकीतून बघायचं," बाबांनी शिकवलं होतं. "वाइड लेन्स लावलीस की खिडकीत दिसतं त्याहून जास्त फोटोत येतं. कडा सांभाळ."

पहिला रोल मी ताईच्या बाळावर संपवला.

डार्करूमच्या लाल दिव्याखाली प्रिंट उमटली. मधोमध बाळ खुदकन हसत होतं. कडेला, मला खिडकीत न दिसलेलं, ताईचं मनगट होतं. भावजींच्या मुठीत, पिरगळलेलं.

"बाबा, हे बघा ना!"

बाबांनी बघितलं. "बाळ झकास आलंय," म्हणाले आणि कात्रीने ती कड सरळ कापून टाकली.

"अहो बाबा, ताईचा हात!"

"दिसला मला," ते मान वर न करता म्हणाले. "लग्नाच्या फोटोंतूनही मीच कापला होता."