बंदुकीची कदर

“आधी गज,” पारखी म्हणाला. जुन्या बंदुका पाहण्यातच त्याचे केस पिकले होते. त्याने लांब गज नळीत सोडला, तोंडाशी नखाने खूण धरली आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. चांगला चार बोटं कमी भरला.

टेबलापलीकडे भाऊ-बहीण बसले होते. बंदूक पणजोबांची, वडिलांकडून यांच्याकडे आलेली. भावाला ती एकदाची घरातून घालवायची होती.

“एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही, असं बाबा येईल त्याला सांगायचे,” बहीण म्हणाली. बाबा शिंपी. घरात मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

“त्यांचा जीव होता तो,” भाऊ म्हणाला. “आमच्यापेक्षा जास्त.”

लहानपणी त्याने ती भिंतीवरून काढली होती. घोडा मागे ओढला आणि बहिणीवर रोखली. नुसता खेळ हो. पण बाबांनी ती हिसकावली आणि पाहुण्यांदेखत अशी थोबाडीत दिली की कान सुन्न झाला. ना कारण सांगितलं, ना नंतर जवळ घेतलं. बंदूक मात्र मशीनच्या खोलीत नेली, दार लावून घेतलं, बऱ्याच वेळाने परत भिंतीवर टांगली. पोराला थप्पड आणि बंदुकीची उस्तवार. हे शल्य त्याच्या मनातून कधी गेलंच नाही.

पारख्याने गज खाली ठेवला. “ही भरलेली आहे. जुना बार अजून आतच आहे.”

बहिणीचा चेहरा उतरला. “दादा, आपण हिच्याशी खेळलोय.”

“उडालीही असती.” पारख्याने घोड्याखाली भिंग धरलं. ठिणगी आत जाते, ते बारीक भोक तो निरखत राहिला. “पण इथे कुणीतरी सुई ठोकून वरून मोडलीय. शिवणयंत्राची सुई. आता ठिणगी आत जाणं शक्य नाही.”

मग त्याने खेदाने मान हलवली. “मूळचा भाग वाया घालवला. किंमत निम्म्यावर आली. ज्याने हे केलं, त्याला बंदुकीची काडीची कदर नव्हती.”

भावाचा हात नकळत गालावर गेला होता. त्याचे डोळे भरून आले, तरी तो हसत होता.

“नव्हती,” तो म्हणाला. “काडीचीही नव्हती.”