पडद्याला जागा

पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढणारं यंत्र दोन देशांनी मिळून बनवलं होतं, पण त्यातला नाजूक पडदा दरवेळी फाटायचा. आज निधी देणाऱ्या समितीसमोर शेवटची संधी होती. रसायनतज्ज्ञ बाई नवा पडदा बसवून बोल्ट करकचून आवळत होत्या, तोच संगणकावरून प्रकल्पातला परदेशी जोडीदार ओरडला, “अगं थांब! पडदा भिजला की फुगतो. त्याला जागा दे, बोल्ट सैल कर!” बाईंच्या संस्थेचे संचालक कुजबुजले, “भलतं धाडस नको. फाटलाच तर पडदा त्यांचा म्हणून हात झटकू.” “पडदा त्यानं बनवलाय, सर. त्यालाच ठाऊक,” म्हणत बाईंनी पाना उलटा फिरवला. वीज सुरू झाली. बुडबुडे सरसर चढले, पडदा टिकला आणि हायड्रोजनवर चालणारा छोटा पंखा गरगरू लागला. टाळ्यांच्या कडकडाटात डोळे पुसत बाईंनी पंखा संगणकाकडे वळवला. पलीकडे जोडीदारानं ऐटीत टकलावरचे नसलेले केस सावरले.