पाच सेकंद

राजानंद सर ० – नवा लॅपटॉप ११.

"हसनाबादच्या शाळेत फोन लाव," सर लेकीला म्हणाले. "म्हणावं, पोरींना बुद्धिबळ शिकवायला उद्यापासून दुसरा माणूस बघा. माझं डोकं गेलं."

"अकरा डावांत?" तृप्ती म्हणाली.

"प्रोग्राम तोच हाय ना? जुन्या कंप्युटरवर याला विचाराला पाच सेकंद देत होतो. नऊ वर्षं मी हरवला. इथंबी पाचच दिले. मंग बदललं कोण? मीच."

तृप्तीनं जुना कंप्युटर टेबलावर आणून लॅपटॉपसमोर मांडला. दोघांत तोच प्रोग्राम, दोघांना पाच-पाच सेकंद. याची खेळी त्याच्यावर, त्याची याच्यावर, असं ती चालवत गेली.

जुना ० – नवा १.

"बघा बाबा. तुम्ही होता तसेच आहात, याचे पाच सेकंद मोठे झालेत. तेवढ्या वेळात हा कितीतरी जास्त खेळ्या तपासतो."

"म्हणजे तेच झालं. जुनं ते हरणार."

तृप्तीनं नेटवरून बुद्धिबळाचा आजचा एक प्रोग्राम उतरवला आणि पेनड्राइव्हनं जुन्या कंप्युटरात टाकला.

"यंत्राला हात लावला नाही हां मी. फक्त विचार करायची पद्धत नवी दिली. लॅपटॉपवर जुनाच प्रोग्राम आहे, सेकंदही पाच-पाचच."

जुन्याचा पंखा घरघरायला लागला. सर नकळत त्याच्या बाजूला सरकून बसले. विसाव्या खेळीला त्यानं हत्ती फुकट देऊन टाकला.

"अरे येड्या! हत्ती देतेत का असा?"

"ओरडू नका. त्याला ऐकू येत नाही."

पुढच्या नऊ खेळ्यांत लॅपटॉपच्या राजाला शह बसला आणि हलायला घर उरलं नाही.

जुना १ – नवा ०.

सर कपाळाला हात लावून पडद्याकडं बघत राहिले. मग फळीवरचा लाकडी पट काढून त्यांनी सोंगट्या मांडल्या, अगदी त्या हत्तीच्या खेळीपर्यंत.

"का दिला असंल गं यानं?"

"मला विचारता? मी नुसती हमाली केली, इकडची खेळी तिकडं." तृप्तीनं मोबाइल हातात घेतला. "शाळेत काय सांगू?"

सरांनी पटावरून मान वर केली नाही.

"सांग, सर उद्या जरा उशिरा येतील. शिकून राह्यलेत."