आधी घोट, मग चूल

जेवण टेबलावर मांडून तयार होतं, हे धाकट्याला दारातच खटकलं.

काखेत त्याच्या बाटली होती. या वर्षीची लाल वाईन, कालच भरलेली, अजून लेबलही न लावलेली. दर वर्षी पहिली बाटली तो अशी ताईच्या रेस्टॉरंटात आणायचा, दुपारी, गिऱ्हाइकं गेल्यावर. ताई एक घोट घ्यायची, डोळे मिटून बसायची आणि मग उठून ठरवायची, हिच्याबरोबर काय शिजवायचं ते. आधी घोट, मग चूल. नियम तिचाच. तो मोडला म्हणून एका आचाऱ्याला तिने भर जेवणाच्या वेळी घरी पाठवलं होतं.

"ये, बस," ताई म्हणाली. "दमून येशील म्हटलं, म्हणून करून ठेवलं."

"वाईन न चाखताच?"

"तुझी वाईन काय आज चाखतेय मी? तोंडपाठ आहे मला."

हे ऐकून त्याला बरं वाटलं. ताईच ती. आई गेल्यावर हिनेच त्याला भरवलं होतं आणि द्राक्षं लावायची हिंमतही हिनेच दिली होती. त्याची वाईन ताजी प्यायची, जरा गार करून. ठेवली तर मुरत नाही, नुसती म्हातारी होते. ती वेळेत खपायला हवी, आणि खपायची ती इथेच, या टेबलांवर. ताई नसती तर मळा केव्हाच दुसऱ्याचा झाला असता.

त्याने बूच काढलं, दोन ग्लास भरले. मांसाचा तुकडा तोंडात घातला. मंद आचेवर तासन्‌तास शिजलेला, काळ्या मिऱ्यांचा, दाट काळपट रस्सा. बाजूला जुनं, कडक, उग्र चीज. वर त्याने वाईनचा घोट घेतला.

वाईन गायब. तोंडात नुसतं आंबट पाणी.

वर्षभराची मेहनत वाया गेली की काय? त्याने पाण्याने चूळ भरली, कोरड्या पावाचा तुकडा चावला आणि पुन्हा घोट घेतला. नाही, वाईन ठणठणीत होती. हसरी, हलकी, नुकत्याच तोडलेल्या फळासारखी. जेवणही झकास होतं. दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, एवढंच. आणि ताईच्या हातून एक वेळ मीठ जास्त पडेल, पण ही चूक होणार नाही.

हा रस्सा वेगळ्याच वाईनसाठी होता. जड, काळसर, लाकडी पिंपात दोन-दोन वर्षं झोपा काढणाऱ्या वाईनसाठी. तशी वाईन आसपास एकच माणूस करायचा, टेकडीवरच्या मळ्याचा मालक.

"टेकडीवाला कधी येऊन गेला?" त्याने विचारलं.

ताईच्या हातातला रुमाल घडी होता होता थांबला. "कोणी सांगितलं तुला?"

"या रश्श्याने."

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती अशी. ताई खुर्चीवर बसली.

"वर्षभर तोच पुरवणार आहे. दुसऱ्या कोणाची बाटली ठेवायची नाही म्हणतो. तुला सांगणारच होते रे. जेवण झाल्यावर." मग ती हळूच म्हणाली, "महिनाभर त्याच्या वाईनसाठीच करून बघतेय. हात तिकडेच वळला."

धाकट्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. नवी कोरी शेगडी चकाकत होती. ती कोणाच्या पैशांची, ते त्याला आता कळलं. मघाशी तिचं कौतुक करायचं त्याच्या मनात होतं.

तो चिडला होता, पण आवाज चढला नाही. ताट त्याने बाजूला सारलं.

"भूक आहे मला. माझ्या वाईनबरोबरचं कर."

ताईने ग्लास उचलला. एक घोट घेतला, डोळे मिटले. मग नव्या शेगडीपाशी गेली. लोण्यात अळंबी परतली. कोंबडीचे पातळ काप भराभर भाजले, कातडी कुरकुरीत होईपर्यंत. टोमॅटो नुसते गरम केले. वर ताजं, मऊ चीज.

त्याने घास घेतला, त्यावर घोट. वाईन तोंडभर उमलली. इतकी सुंदर ती त्याला स्वतःलाही कधी लागली नव्हती. त्याचे डोळे भरून आले.

"जमलंय का?" ताईने विचारलं.

"जमलंय." त्याने ताट पुसून खाल्लं. "मला वाटलं होतं, तुला आवडेनाशी झाली असेल."

ताईचा ग्लास रिकामा झाला होता, आणि दर वर्षीच्या सवयीने तिने तो पुढे केला.

धाकट्याने बाटलीला बूच लावलं.